मापात पडलेला पाऊस

पावसाचे आकडे गोळा करणाऱ्या माणसाकडे पावसापेक्षा किस्सेच जास्त साठतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तहसिलात मी कारकून होतो. रोज सकाळी फोन घेऊन बसायचं आणि गावोगावच्या कोतवालांना विचारायचं, "किती पडला?" कापसाची ती वाईट वर्षं. पेरलेलं करपलं की दुबार पेरणीचं बियाणं कोणत्या गावाला द्यायचं, ते याच आकड्यांवर ठरे. त्यामुळे आकड्याला वजन होतं. भरवसा मात्र विचारू नका!

*

एका गावी पर्जन्यमापक चक्क कडुनिंबाच्या दाट सावलीत. मी म्हटलं, "अरे, झाडाखाली काहून ठेवलं?"

कोतवाल म्हणाला, "उन्हात पाणी उडून जाते नं, साहेब!"

*

एक तलाठी राहायचे यवतमाळला, आकडा द्यायचे गावचा. एकदा त्यांनी "शून्य" सांगितलं. मी म्हटलं, "अहो, तुमच्या नाल्याला पूर आहे. नेरची एसटी नाल्याच्या अलीकडच्या काठालाच अडकली आहे!"

ते म्हणाले, "असं का? मग लिहा थोडा."

*

तपासणीला गेलो, तर पाणी मोजायचा काचेचा नळाच गायब.

"माप कुठं गेलं?"

"फवारणीले गेलं, साहेब. औषध मोजाले."

"आणि पाऊस आला तर?"

"पाऊस नाही म्हणूनच तर नेलं!"

चहा घेतला आणि परत आलो.

*

आणि एक गाव असं, की सगळा तालुका कोरडा, पण तिथं रोज पाऊस. थोडाच, पण रोज! मदतीच्या यादीतून गाव बाहेर. गावकरी तहसिलात येऊन भांडले, "पाऊस आमच्या वावरात नाही, तुमच्या कागदात हाये!" चिडले होते, आणि बरोबरच होतं त्यांचं. कापसाची सगळी पऱ्हाटी करपली होती.

आमचे तहसीलदार साहेब मला घेऊन सकाळीच गावात पोचले. पर्जन्यमापकाला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल. पार्वताबाई नावाची एक म्हातारी आली, हात जोडले आणि तांब्यातलं पाणी हळूहळू त्यात ओतलं. सरकारनं पावसासाठी बसवलेला देव म्हणून ती रोज त्याला पाणी घालायची.

साहेबांनी कोतवालाला धरलं. तो म्हणाला, "आतमंदी जेवढं होतं तेवढं मोजलं, साहेब. कोणी टाकलं ते इचारा असं कोणी सांगतलं नाही."

मला हसू आवरेना. साहेब मात्र म्हातारीशेजारी खाली बसले आणि नीट समजावून म्हणाले, "आजी, तुमच्या या तांब्यापायी अख्ख्या गावाचं बियाणं अडलं. उद्यापासून पाणी घालू नका."

तिनं सगळं ऐकून घेतलं. रिकामा तांब्या पदरानं पुसला.

"बियाणं तुमी द्यान, साहेब. पाणी कोण देईन?"