पाणबुडीच्या आठवड्यातले प्रेशरकाका

प्रेशरकाकांना कुणी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली असती, तर त्यांनी स्वतःही वळून बघितलं नसतं. सत्तावीस वर्षं टाक्या आणि बॉयलर दुरुस्त करणाऱ्या एकाच वर्कशॉपमध्ये काढली की माणसाचं असंच होतं. वेल्डर फुटकी टाकी सांधायचा आणि ती खरंच सांधली गेली की नाही, हे काका बघायचे.

काम ऐकायला सोपं. टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, आतली हवा सगळी बाहेर काढायची, हातपंपाने दाब वाढवायचा आणि गेजचा काटा ठरलेल्या आकड्यावर आला की पंप बंद करून अर्धा तास थांबायचं. काटा खाली उतरला तर टाकी कुठेतरी गळतेय. जागचा हलला नाही तर पास. मग काका हातोडीने टाकीवर आपल्या नंबराचा शिक्का ठोकायचे. पाणी कशाला, असं एखाद्या नवख्याने विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असायचं, "पाण्याने फुटली तर कपडे भिजतात. वाफेने फुटली तर माणूस जातो."

तो अर्धा तास काका टाकीसमोरच्या स्टुलावरून उठत नसत. दर पाच मिनिटांनी गेजच्या काचेवर एक टिचकी मारायची, टाकीभोवती एक फेरी घालून सांधे बोटाने चाचपायचे, पुन्हा बसायचं. गेज जुनं झालं की त्याचा काटा आळशी होतो, आहे तिथेच अडकून बसतो आणि टिचकी मारली की मगच खरं बोलतो. बाकीचे हसायचे. मालक तर म्हणायचा, "काका, बायकोकडे तरी इतकं बघता का हो?"

घरी दोन खोल्यांत तीन माणसं होती. काका, त्यांची बायको आणि वहिनी. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी त्यांच्याकडेच राहायची. चार गल्ल्या सोडून एक लाँड्री होती, हॉस्पिटलच्या चादरी धुणारी, तिथे ती इस्त्रीच्या मोठ्या यंत्रावर होती. हाताखाली सहा बायका. तीन महिन्यांपूर्वी तिला त्यांची प्रमुख केलं, तेव्हापासून तिची मान जरा ताठ झाली होती आणि काकांना ते बघून फार बरं वाटायचं.

अशा या माणसाच्या आयुष्यात एका सोमवारी पाणबुडी आली.

चार माणसांना घेऊन समुद्राच्या तळाशी गेलेली एक छोटी पाणबुडी बेपत्ता झाल्याची बातमी होती. हौशी, पैसेवाली माणसं. आत चार दिवसांची हवा. टीव्हीच्या कोपऱ्यात उरलेले तास दिसायला लागले आणि सगळं गाव घड्याळ बघावं तसं ते बघायला लागलं. वर्कशॉपसमोरच्या सलूनमध्ये तर दाढी न करताच गर्दी व्हायची. कुणी हळहळायचं. कुणी म्हणायचं, "सुखाचा जीव दुःखात घालायला सांगितलं होतं कुणी?" मोबाइलवर विनोद फिरत होते, त्यातले काही इतके नीच की वाचून हसू यायचं आणि हसल्याची लाज वाटायची. माणसं मेलीत की जिवंत आहेत हे माहीत नसताना विनोद करायला जीभ कशी उचलते, हे मला तरी कळलेलं नाही. पण हसलो मीही.

मग कुणाला तरी आठवलं की दाबातलं कळणारा माणूस तर समोरच्या वर्कशॉपमध्येच आहे. काकांना बोलावणं आलं.

काकांनी पाण्याची रिकामी बाटली घेतली, तोंडाने आतली हवा ओढली, बाटली कडकड करत चपटी झाली. "ही एका तोंडाची ताकद," ते म्हणाले. "तिथे अख्खा समुद्र वर बसलाय. एखादा सांधा कच्चा राहिला, तर आतल्यांना 'अरे' म्हणायलाही वेळ मिळणार नाही." सलूनवाल्याने हातातला वस्तरा खाली ठेवला. सत्तावीस वर्षांत वर्कशॉपबाहेर काकांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता आणि आता माणसं उठून त्यांना खुर्ची देत होती. त्यांना ते आवडलं. खोटं कशाला बोला, फार आवडलं.

बुधवारी लाँड्रीचा बॉयलर दुरुस्त होऊन चाचणीला उभा राहिला. काकांनी पाणी भरलं, काटा दहावर आणला, स्टूल ओढलं. बसतात न बसतात तोच समोरून हाक आली, "काका, लवकर या! समुद्रातून आवाज ऐकू आलेत म्हणे!" काका उठले. जाऊन येऊ दोन मिनिटांत, असं म्हणत उठले. सलूनमध्ये त्या आवाजांचा अर्थ लावता लावता पस्तीस मिनिटं कशी गेली ते कळलं नाही. परत आले तर काटा दहावर. बॉयलरखाली थोडी ओल होती, पण पाणी भरताना सांडतंच. लाँड्रीचा टेम्पो दारात हॉर्न वाजवत होता. काकांनी टिचकी न मारताच पाणी सोडलं आणि शिक्का ठोकला.

गुरुवारी पाणबुडीचे तुकडे सापडले. ती पहिल्याच दिवशी, पहिल्या काही तासांतच चिरडली गेली होती. जग चार दिवस ज्यांची हवा मोजत होतं, ती माणसं मोजणी सुरू व्हायच्या आधीच गेलेली होती. "मी म्हटलं नव्हतं?" असं काका म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

शुक्रवारी दुपारी ते दुसरी एक टाकी तपासत होते. काटा दहावर, पाच मिनिटं झालेली. त्यांनी सवयीने टिचकी मारली आणि काटा धाडकन सहावर आला.

टाकीचा खालचा सांधा गळत होता, ते ठीक. पण काटा अडकला होता. गेज तेच, बुधवारचं. काकांनी ते काढून हातात घेतलं आणि त्यांच्या पाचावर धारण बसली. बुधवारी बॉयलर गळत होता की नव्हता, हे आता जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि तो बॉयलर वहिनीच्या इस्त्रीमागे, एका पातळ पत्र्यापलीकडे, वाफ धरून उभा होता.

ते मालकाकडे गेले. मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटलं.

"गेज बदला आणि गप्प बसा. वेल्डर आपला हाताचा पक्का आहे."

"पण साहेब, शिक्का माझा आहे."

"म्हणूनच सांगतोय काका. शिक्का तुमचा आहे."

काका घरी आले ते तोंडाला कुलूप लावूनच. जेवताना वहिनी खुशीत होती. "भाऊजी, तुमच्या वर्कशॉपने काम मस्त केलंय हं. वाफ अशी येते, दुपारपर्यंत निम्म्या चादरी हातावेगळ्या!" काकांनी अर्धं ताट बाजूला सारलं. बोलावं तर शिक्का जाणार, वर्कशॉप जाणार आणि असल्या घरातल्या बाईला लाँड्रीत प्रमुख कोण ठेवणार? न बोलावं तर... पुढचं त्यांना मनातल्या मनातसुद्धा म्हणवेना. इकडे आड, तिकडे विहीर. बायकोने विचारलं, "अहो, बरं नाही का?" ते म्हणाले, "पित्त झालंय."

शनिवारी सकाळी वहिनी कामावर निघाली. काका दारात उभे राहिले.

"वहिनी, जरा..."

"काय भाऊजी?"

"काही नाही. सांभाळून जा."

"चार गल्ल्या तर जायचंय!" ती हसली आणि गेली.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये किंवा रस्त्यावर काही पडलं तरी काका दचकत होते. दुपारी दाढीला म्हणून सलूनमध्ये शिरले, कारण घरी जाण्याची हिंमत नव्हती. गळ्याभोवती कापड बांधलं गेलं, गालाला फेस लागला आणि तेवढ्यात टीव्हीवर एक माणूस आला. चेहरा झाकलेला. पाणबुडीची भिंत तपासणाऱ्यांपैकी एक. तो म्हणत होता की मला शंका आली होती, पण वरचे म्हणाले काही होत नाही आणि मी गप्प बसलो.

सलून पेटलं.

"भर चौकात उभा करा याला!"

"आता बोलतोय! बैल गेला आणि झोपा केला!"

"चार माणसं मेली हो. आणि याला झोप लागत होती?"

सोमवारी त्या चौघांवर विनोद करणारे हेच. आज त्यांच्यासाठी कळवळत होते. वस्तरा काकांच्या गळ्याशी होता, अर्धी दाढी झालेली, अर्धी व्हायची. उठून जायची सोय नव्हती. मान हलवायचीही नव्हती. समोरच्या आरशात मागची सगळी माणसं दिसत होती आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती.

"काका, तुम्ही असता तर बोलला असता की नाही?" सलूनवाल्याने विचारलं.

"बोललो असतो," काका म्हणाले.

"बघा! याला म्हणतात माणूस," सलूनवाला म्हणाला आणि उरलेला गाल करायला घेतला.

शनिवारी संध्याकाळी वहिनी धडधाकट घरी आली, तेव्हा काका न्हाणीघरात जाऊन रडले. रविवारी लाँड्री बंद असते. तो अख्खा दिवस दोन खोल्यांत काकांना श्वास पुरत नव्हता. खिडकीत जायचे, परत यायचे, पाणी प्यायचे. वहिनी भाजी निवडत गुणगुणत होती आणि ते गुणगुणणं त्यांना ऐकवत नव्हतं.

सोमवारी बायका यायच्या आत ते लाँड्रीत पोचले आणि लाँड्रीच्या मालकीणबाईंना म्हणाले, "बॉयलर पेटवू नका. मी तो नीट न तपासता पास केलाय."

बाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग चादरींच्या ढिगाकडे बघितलं. हॉस्पिटलचे फोन येत होते. वर्कशॉपच्या मालकाला बोलावणं गेलं, तो लाल होऊन आला. येताना नवंकोरं गेज मात्र घेऊन आला. तिथल्या तिथे पुन्हा चाचणी करायचं ठरलं. सातही बायका कामाविना दारात उभ्या राहिल्या, सगळ्यांत पुढे वहिनी.

"हे तुमच्या लक्षात आलं कधी?" बाईंनी विचारलं.

"शुक्रवारी," काका म्हणाले.

पाणी भरलं, काटा दहावर आला आणि काका समोर बसले. यावेळी कुणी हाक मारली असती तरी ते उठले नसते. दहा मिनिटं. काटा दहावर. टिचकी, सांधे, बोट कोरडं. पंधरा मिनिटं. मालक भिंतीला टेकून मोबाइल बघत होता. वीस. आणि तेव्हा काकांच्या लक्षात आलं की आपण मनात म्हणतोय, उतर. उतर ना. थोडा तरी उतर. एक थेंब दाखव, म्हणजे मी वेडा ठरणार नाही. दारात सात बायका उभ्या होत्या, ज्या तीन दिवस याच पत्र्याशेजारी घाम गाळत होत्या आणि हा माणूस त्यांचा बॉयलर कच्चा निघावा म्हणून देवाला साकडं घालत होता. काकांना स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती.

अर्धा तास झाला. काटा दहावरच होता. बॉयलर चांगला होता. बुधवारीही चांगलाच असणार.

"झालं समाधान?" मालक म्हणाला. "शिक्का द्या इकडे." काकांनी खिशातून शिक्का काढून दिला.

बातमी सलूनमध्ये त्यांच्या आधी पोचली होती. कुणी उठून खुर्ची दिली नाही. "काका, हात दाखवून अवलक्षण केलंत," सलूनवाला म्हणाला. "काही झालं नव्हतं तर बोलायची गरज काय होती? उगाच त्या बायकांची सकाळ गेली." परवा चौकात उभा करा म्हणणाऱ्याने मान डोलावली. काका परत फिरले. लोकांना काय, मेलेल्यांची बाजू घ्यायला पैसे पडत नाहीत.

घरी बायकोने सगळं ऐकलं. "बरं केलंत," ती म्हणाली. "दुसरं काम मिळेल." काकांना वाटलं, चला, एका माणसाने तरी बरं म्हटलं. शुक्रवारनंतर पहिल्यांदाच त्यांना भूक लागली.

संध्याकाळी वहिनी आली. उशिराच आली, राहिलेल्या चादरी संपवून. तिचं पद कुणी काढून घेतलं नव्हतं. ते कळल्यावर काकांना इतका आनंद झाला की ते उठून तिच्याजवळ गेले.

"वहिनी, बॉयलर एकदम पक्का आहे बघा. आता काही काळजी नाही."

"हो, ऐकलं मी." तिने चपला काढून बाजूला सारल्या. आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. "भाऊजी, एक विचारू? शुक्रवारी तुमच्या लक्षात आलं. मग शनिवारी मला जाऊ का दिलंत?"

काकांनी वाकून तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. बायको ओट्यापाशी हात थांबवून उभी राहिली. वहिनी उत्तरासाठी थांबली, अगदी मनापासून थांबली. मग आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं.