उचकी कुणाच्या नावाची

आमच्या घरात उचकीवर पाण्याचा उतारा चालत नाही. उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, आणि नेमकं त्याचं नाव घेतलं की ती थांबते, हा आईचा सिद्धांत. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे या विषयात माझ्या मताला घरी काडीची किंमत नाही.

त्या रविवारी मी क्वांटमच्या तासाची तयारी करत होते. समोर आई लसूण सोलत बसलेली, आणि तिला उचकी लागली. लगेच नावं सुरू झाली. पुण्याचा भाऊ, कागलची नणंद, पन्हाळ्याचे व्याही, शेवटी आमची जुनी कामवालीसुद्धा झाली. उचकी काही थांबेना. गारगोटीच्या मावशीचं, म्हणजे तिच्या थोरल्या अक्काचं नाव मात्र तिनं घेतलं नाही. मावशीनं लेकीच्या लग्नपत्रिकेत आईचं नाव छापलं नव्हतं, तेव्हापासून आईच्या उचकीतून मावशी बाद झाली होती. सख्ख्या बहिणी, आणि बोलणं बंद. मला ते फार लागायचं, पण मध्ये पडायची छाती नव्हती.

“मावशीचं नाव घेऊन बघ की,” मी म्हटलं.

“तू तुझं बघ. काय वाचाय लागलीयास येवढं?”

मी सांगितलं, जोडीचे दोन कण असतात. एक इथं, एक पार लांब. इथला तपासला की लांबच्याचा निकाल त्याच्याशी जुळतो.

“मग त्यात काय? चपलेचा जोड. डावी हितं, तर उजवी तिथं.”

“चप्पल आधीपासूनच डावी असते गं. कणांचं सगळं आधीच ठरलेलं असतं, आणि इथं केलेल्याचा लांबवर परिणाम होत नाही, ही दोन्ही मतं एकदम धरून ठेवली तर प्रयोगांशी मेळ बसत नाही. काहीतरी सोडावं लागतं.”

“मग कुणी सोडलं?”

“कुणी हे सोडतं, कुणी ते. भांडण अजून चालू आहे. ज्याला त्याला वाटतं, समोरच्यानं सोडावं.”

आईनं हातातली पाकळी खाली ठेवली. देवाशपथ, मी मुद्दाम बोलले नव्हते. मग लसणीकडे बघत ती पुटपुटली, “अक्का.”

उचकी थांबली नाही. पुन्हा जरा मोठ्यानं, “अक्का.” उचकी चालूच. आईचा चेहरा इतका पडला की मलाच भडभडून आलं. त्या सिद्धांताची इतकी वर्षं टिंगल केलेली मी, तो आता खरा ठरावा म्हणून मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडत होते.

“दोन्हीकडचे निकाल शेजारी ठेवल्याशिवाय ते जुळले का, कळत नाही,” मी म्हटलं. “हे मात्र पुस्तकातलं आहे.” आणि मावशीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“कोण?” मावशीचा आवाज असा, की गारगोटीहून फोनशिवायही ऐकू यावा.

आईनं उत्तरादाखल उचकी दिली.

“तू व्हय? आधी पाणी पी की!”

“पाण्यानं थांबत न्हाय. तुझं नाव घेतलं, तरी बी थांबली न्हाय.”

“थांबंल कशी?” मावशी म्हणाली. “मी आठवण काढायची थांबलोय व्हय?”

पुढं बराच वेळ उचकी चालू होती. आईनं आणखी कुणाचं नाव घेतलं नाही.