चौकच्या सुनंदाताई बोली लावतात

अंगणवाडी सुटायच्या आधी अर्धा तास आम्ही तिघीचौघी बाहेरच्या ओट्यावर बसलेल्या असतो. तिथं कुणी लिलावाच्या ग्रुपचा विषय काढला की झालं. एकीचा किस्सा संपत नाही तोवर दुसरीला दोन आठवतात. पोरं येऊन पदर ओढायला लागतात तरी आमचं 'अगं ऐक तर' चालूच. इतके साठलेत की म्हटलं एकदाचे लिहूनच काढावेत.

आधी ग्रुप काय ते सांगते. कळंबकडं, खालापूरकडं रिसॉर्ट आणि फार्महाउस भरपूर. एखादं बंद पडलं किंवा मालकानं सामान बदललं की जुना माल एक माणूस उचलतो. तो आमचा ॲडमिन, सगळ्या त्याला दादा म्हणतात. रोज दुपारी चारला तो व्हॉट्सॲपवर एका वस्तूचा फोटो आणि सुरुवातीचा आकडा टाकतो. साडेचारपर्यंत ज्याचा आकडा मोठा, वस्तू त्याची. गाद्या, पंखे, कुकर, आरसे, काय वाट्टेल ते. ग्रुपचं नाव 'खात्रीचा लिलाव'. त्या नावानंच माझं डोकं फिरतं.

मला त्यातलं एकच हवं होतं, इन्वर्टर. माझा सोहम तीन वर्षांचा आहे. त्याची छाती भरते, वाफेचं मशीन लावावं लागतं. आणि दहिवलीत लाइट कधी जाईल याचा नेम नाही. मशीन अर्ध्यावर बंद पडलं की पोर कडेवर, मशीन पिशवीत, आणि चार घरं सोडून सुलभाकाकूंकडं पळायचं. त्यांच्याकडं इन्वर्टर आहे. त्यांच्या दाराला कुलूप नसू दे, एवढंच मी वाटेत म्हणत असते. नवा घ्यायची ऐपत नाही, म्हणून त्या ग्रुपला चिकटून राहिले.

* * *

पहिला किस्सा मंगलचा. मंगल भाजी विकते, भाव करण्यात तिला कुणी हरवत नाही. तिनं मिक्सरवर आठशेची बोली लावली. लगेच नऊशे आले. नाव 'सुनंदा चौक', म्हणजे चौक गावची, फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. मंगल हजार, सुनंदाताई अकराशे. मंगल बाराशे, सुनंदाताई तेराशे. मंगलनं कंटाळून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी दादाचा मंगलला एकटीला मेसेज. त्या ताईंना घरातून नको म्हणाले, तुम्ही तुमच्या बाराशेला घेऊन टाका. मंगलनं घेतला. पुढच्या महिन्यात पंख्याचं तेच झालं, त्याच्या पुढं गादीचं तेच. प्रत्येक वेळी सुनंदाताई जिंकल्या, आणि प्रत्येक वेळी त्यांना घरातून नको म्हणाले.

मंगल म्हणाली, "काय घर हाय गं त्या बाईचं! काय घेऊच देत नाय तिला."

* * *

आता भाव चढवायला दादाच खोटी नावं घुसवतो, हा संशय एकदा डोक्यात शिरला की कुणावरही जातो, तेही सांगायला हवं.

सुलभाकाकू माझ्याकडं आल्या, रागानं लालबुंद. पाच लिटरच्या कुकरवर त्या बोली लावत होत्या आणि कुणी 'आर के' नावाचा मेला एकेक शंभर वाढवत होता. "खोटाच हाय तो," त्या म्हणाल्या. तासाभरानं त्यांची सून रेखा आली. तिचीही तीच तक्रार. कुणी 'स्वामी कृपा' नावाचं तिच्यामागं लागलं होतं, बाराशेचा कुकर एकोणीसशेला पडला.

मी काकूंचा मोबाइल मागून घेतला. नवीनच होता, दुकानदारानं चालू करून देताना नावाच्या जागी 'स्वामी कृपा' टाकून दिलं होतं. आणि 'आर के' म्हणजे आमची रेखाच. सासू स्वयंपाकघरात, सून आतल्या खोलीत, मधे एक भिंत, आणि दोघी एकाच कुकरसाठी भांडत होत्या.

आम्ही हसलो खरं, पण मला चीड वेगळ्याच गोष्टीची आली. दादाकडं दोघींचे पत्ते होते, त्यानं याआधी त्याच घरी सामान पोचवलेलं. त्याला सगळं दिसत होतं. कुकर द्यायला आला तेव्हा काकूंच्या हातचा चहा पिऊन गेला.

* * *

मग मंगलनं एक केलं. घरातला दोरीनं बांधलेला, एका पायानं अधू असलेला लाकडी स्टूल दादाला विकायला दिला. म्हणाली, ग्रुपवर टाक, निम्मे तुझे. दादानं टाकला. मंगलच्या बहिणीनं शंभर म्हटलं, सुनंदाताई दीडशे. बहीण दोनशे, सुनंदाताई अडीचशे. बहीण गप्प बसली.

मंगलनं ग्रुपवरच लिहिलं की अभिनंदन सुनंदाताई, स्टूल मी स्वतः चौकला आणून देते, पत्ता पाठवा.

दादानं लिहिलं, त्या गावाला गेल्यात. मंगलनं विचारलं, कधी येणार? दादा म्हणाला, सांगता येत नाही.

आमचे हे खालापूरच्या कंपनीत जातात, रोज चौकवरून. मंगलनं त्यांच्या बाइकला मागं स्टूल बांधून दिला. बिचारे आठ दिवस तो घेऊन फिरले. शेवटी चौकच्या नाक्यावरच्या चहावाल्यानं विचारलं, "साहेब, बसायला जागा मिळत नाय का कुठं?"

* * *

आम्ही दादाला थेट विचारलंसुद्धा, ही सुनंदाताई खरंच कुणी आहे का. मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुमचं शिक्षण किती? ऑनलाइनमधलं तुम्हाला समजायचं नाय." सातवी शिकलेय मी. आठशेनंतर नऊशे येतात हे सातवीच्या बरंच आधी शिकवतात.

मग आम्ही तिघी एका ओळखीच्या वकिलांच्या ऑफिसात गेलो. स्क्रीनशॉट दाखवले, त्यांनी चष्मा लावून सगळे नीट पाहिले. नंबर कुणाच्या नावावर आहेत ते काढावं लागेल, वेळ जाईल, नुकसानीपेक्षा खर्च जास्त होईल म्हणाले. आम्ही उठलो तेव्हा मला थांबवून हळूच विचारलं, "त्या ग्रुपवर फ्रिज येतात का हो?"

* * *

शेवटी सुलभाकाकूंनीच तोड काढली. आमच्या आळीत गणपती विसर्जनाच्या दिवशी देवापुढच्या नारळाचा लिलाव होतो. बोली लावणारा उभा राहतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगतो, मग आकडा. बसल्या जागेवरून कुणी पुटपुटलं तर धरत नाहीत. काकू म्हणाल्या, ग्रुपवरही तसंच पाहिजे. टाइप करायचं नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, नाव, गाव, आकडा.

दादानं साफ नाही म्हटलं. मग आम्ही ओळखीतल्या सगळ्या बायकांना फोन केले, आठ दिवस कुणीही बोली लावायची नाही.

ते आठ दिवस बघण्यासारखे होते. ग्रुपवर उरल्या तिघीच. चौकच्या सुनंदाताई, नेरळच्या कल्पनाताई आणि खोपोलीच्या वंदनाताई. तिघींनी मिळून प्लास्टिकची एक बादली सव्वासहाशेपर्यंत नेली.

नवव्या दिवशी दादानं आवाजाचा नियम मान्य केला.

* * *

आणि त्याच आठवड्यात इन्वर्टर आला. बॅटरीसकट, चालू स्थितीत. सुरुवात पाच हजार. माझ्याकडं सात होते, त्यावर एक रुपया नाही. सोहम मांडीवर झोपलेला, म्हणून हळू आवाजात बोलले, "दहिवली, सोहमची आई, साडेपाच हजार."

मिनिटभरानं पहिला आवाज आला. "चौक, सुनंदा, पाच हजार आठशे." जाड आवाज, तोंडावर पदर धरल्यासारखा.

मी सहा म्हटलं. "नेरळ, कल्पना, सहा हजार दोनशे." हा बारीक, नाकातून.

मी साडेसहा. "खोपोली, वंदना, सहा हजार आठशे." ही एकदम घाईघाईनं बोलणारी.

मंगलचा फोन आला, तीन वेगळ्या बायका हाय गं, आपणच चुकलो बहुतेक. मला रडूच फुटायला आलं. बारा मिनिटं उरली होती. सात म्हणायचं आणि हरायचं, एवढंच राहिलं होतं. बोलायच्या आधी तिन्ही आवाज एकदा परत ऐकले, कानाला लावून.

मग आणखी एकदा ऐकले. पण बायकांना नाही, त्यांच्या मागं ऐकलं.

चौकला मागं एक बाळ खोकत होतं. नेरळला खोकत होतं. खोपोलीला खोकत होतं. दोन कोरडे ठसके, मग श्वास आत ओढताना शिट्टी. सोहमच्या छातीला कान लावून मी अशी किती दुपारी बसलेय. तो आवाज मला कुणी शिकवायला नको.

इतक्या दिवसांचं जे काही तोंडात साठलं होतं ते सगळं बोलणार होते. बटण दाबलं. आणि तोंडातून निघालं ते असं,

"सुनंदाताई, कल्पनाताई, वंदनाताई, तुमच्या तिघींचं बाळ एकच आहे. त्याची छाती वाजतेय. शिट्टी येतेय ना, ती साधी सर्दी नाही. बोली राहू दे, आधी त्याला उचला. कर्जतला मी सोहमला नेते ते डॉक्टर पाच वाजेपर्यंत असतात, नंबर टाकतेय. आताच निघा."

खाली डॉक्टरांचा नंबर टाकला.

दादा ऑनलाइन दिसत होता, काही लिहीत होता, थांबत होता, परत लिहीत होता. आलं काहीच नाही.

चार वाजून सत्तावीस मिनिटांनी आवाज आला. दादाच्या नंबरवरून, पण बाईचा. ना जाड, ना नाकातला. रिक्षाचा आवाज होता, आणि मागं तोच खोकला.

"दहिवली, सोहमची आई. साडेपाच हजार. एकवार, दोनवार, तीनवार."