खलनायिकेचा खिसा

नागावला आम्ही उतरलो होतो त्या घराच्या पडवीत एक बाई चित्रं विकायला बसायच्या. टीव्हीवरच्या खलनायिकांचे पोशाख त्यांनी वर्षानुवर्षं रेखाटले होते. त्या रेखाटनांच्या छापील प्रती, खाली त्यांची सही. प्रती त्या डाव्या हाताने उलगडून दाखवायच्या. उजवा हात कायम गाऊनच्या खिशात. माणसं ओळखण्यात मी पटाईत, त्यामुळे बाई शिष्ट आहेत हे मी बायकोला लगेच सांगून टाकलं.

काळ्या जरीची एक कपटी सासू मी निवडली.

"ताई, यावर माझं नाव घालून सही करा ना."

"आहे की सही."

"ती सगळ्यांसाठीची. माझ्यासमोर एक होऊन जाऊ दे. सहीला काय लागतं?" वर मीच पेन पुढे केलं.

त्यांनी उजवा हात बाहेर काढला. तो वाऱ्यातल्या झावळीसारखा थरथरत होता. पेन त्यांच्या बोटांत ठरेना. मी उगाच नारळ मोजल्यासारखं वर बघत राहिलो.

"आधी करून ठेवलेल्या सह्या एवढ्याच उरल्यात," त्या म्हणाल्या. "ह्या संपल्या की हेही बंद."

मग सासूच्या कमरेवर त्यांनी डाव्या हाताचं बोट ठेवलं. "हा खिसा बघा. खलनायिकेला मी खिसा द्यायचेच. तिला काहीतरी लपवायचं असतं ना. सुनेला कधी दिला नाही."

बोलता बोलता त्यांचा उजवा हात परत खिशात गेला होता. आत तो हलतच होता, कापडावरून कळत होतं.