मंडईत अडलेलं कडवं

भाऊबीजेचा दुसरा दिवस. मूल गावाजवळच्या आमच्या खेड्यात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरली होती… आणि मी पाच-सहा वर्षांनी डफ हातात घेऊन उभा होतो. साल एकोणीसशे पन्नासनंतरचं, नेमकं आठवत नाही. आता नव्वदी ओलांडलीय, नात टाईप करून देतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

त्याआधी मी खडी गंमत करायचो. समोरासमोर दोन शाहीर… एकाने सवाल गायचा, दुसऱ्याने जवाब. गाणी मी स्वतः रचायचो, आमच्या झाडीबोलीत.

मग मास्तरकीच्या ट्रेनिंगला नागपूरला गेलो. तिथे शहरी पोरांत तोंडातून 'मला'ऐवजी 'मले' निघालं की अख्खी खोली हसायची. मला इतकी लाज वाटली की बोली बदलली आणि गाणं सोडलं… धानोऱ्याला मास्तर झालो, डफ घरी खुंटीला.

त्या वर्षी गावकरी म्हणाले, "मास्तर, एक डाव होऊन जाऊ द्या." बायकोही मागे लागली. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

समोर नागभीडकडचे सोमाजीभाऊ. माझ्यापेक्षा वयाने मोठे, जुने प्रतिस्पर्धी, जिभेला धार. मी माझं गाजलेलं गाणं काढलं… मोहफुलं वेचायला गेलेल्या बायकोची नवरा वाट पाहतोय, असं.

'मोहफूल पडलं रानात, टोपली नेली हातात,
काऊन नाई आली घरी, जेवण निवलं ताटात…'

दोन कडवी झाली आणि तिसरं… गेलं. साफ गेलं! डफ वाजवतोय, तोंड उघडं, शब्द नाही. मागे सूर धरणारे झीलकरी नवे, त्यांना नुसतं धृपद ठाऊक. बिचारे तेच तेच म्हणत राहिले.

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, पोराईले अंगठे धराले लावता, आता तुमीच धरा!" हशा पिकला. कानशिलं तापली. बायको समोरच बसली होती, तिने पदर तोंडावर घेतला… ते बघून जमीन दुभंगावी असं वाटलं.

इतक्यात समोरून डफ कडाडला. सोमाजीभाऊ माझं तिसरं कडवं गात होते! एकही शब्द न चुकता, माझ्याच चालीत.

प्रतिस्पर्ध्याने गाणं पुरं करून द्यावं, यापेक्षा मोठी नामुष्की शाहिराला नाही. हरवलं असतं तर चाललं असतं हो… पण दया? मी डफ खाली ठेवला आणि निघालो.

त्यांनी माझा हात धरला. "कुठी चाल्ले?"

"भाऊ, माझ्यावर उपकार कशाला केले?"

"उपकार नाई केला, मास्तर. तुमचा सवाल पुरा झाल्याबिगर मी जवाब कसा म्हणू? मांगं तुमी हे गाणं म्हटलं, तवाच जवाब रचून ठेवला होता… तुमी गाणंच सोडलं. मंग म्हणू कोणापुढं? आता उभं राहा अन् आयका!"

आणि त्यांनी गाण्यातल्या त्या बायकोचा जवाब गायला…

'जेवण निवलं तं निवू दे, जोर हाय ना हातात?
टोपली झाली जड माही, उचलाले ये रानात!'

मंडई नुसती उसळली. बायकोचा पदर खाली आला, ती पोट धरून हसत होती. मीही खाली मान घालून त्यांच्यामागे झील धरली.

लोक हसले, ती लाज चार दिवसांत गेली. पण मी इतकी वर्षं गाणं सोडून बसलो आणि तिकडे एका माणसाचं इतकं सुंदर गाणं त्याच्या तोंडात अडकून राहिलं… त्याची लाज आजही वाटते.

पुढे पाय चालत होते तोवर मी एकही मंडई चुकवली नाही. आपल्यासाठी कोण कुठे जवाब घेऊन थांबलंय, आपल्याला काय ठाऊक…