डाव्या कोपऱ्यातली वंदी

वंदी गेल्याचं मला भाजीवालीकडून कळलं. सेक्टर ६ च्या बाजारात मी सकाळी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा निवडत उभी होते, शाळेची घाई होती, आणि ती वजन करता करता म्हणाली, ‘‘टीवी वाली दीदी गुजर गे, सुने हव का मैडम?’’ मी विचारलं, कोण टीव्हीवाली? भिलाईत टीव्हीवाली एकच होती हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी विचारलं. पहाटे तिच्या छातीत कळ आली, हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं, असं त्या बाईने मला सांगितलं. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी राग आला, की हिला माझ्याआधी कसं कळलं? बाजारात उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलेलं होतं, आणि जिने वर्षानुवर्षं वंदीचा हात धरून मैदानात घाम गाळला ती मी मुनगा निवडत होते.

मी जळकुकडी आहे, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. वंदी स्वतःच हसत सांगायची सगळ्यांना. आमची ओळख भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीच्या मैदानावरची. ती तिथलीच, ठेकेदाराकडे काम करणाऱ्या बापाची पोर. मी सेक्टर ६ च्या क्वार्टरमधली, सायकल मारत खेळायला जाणारी. दोघींची घरं मूळची विदर्भातली, दोघींच्या घरी बाबासाहेबांचा फोटो, दोघींच्या आया विहारात शेजारी बसणाऱ्या. आमचे सर स्टील प्लांटमधली शिफ्ट करून थेट मैदानावर यायचे आणि बुटातली राख झटकत आम्हाला कबड्डी शिकवायचे. कबड्डीत समोरची रेडर आत शिरली की पकडणाऱ्या पोरी दोघी-दोघी हात धरून उभ्या राहतात, त्याला चेन म्हणतात. वंदी डाव्या कोपऱ्यात, आणि तिच्या शेजारची मी. रेडरच्या घोट्यावर झडप घालायची ती, आणि मागून जोर लावायची मी. पेपरात फोटो यायचा तो झडपेचा. जोर कुणाचा फोटोत दिसत नाही.

सरांचा एक दंडक होता. रेडरचं नख जरी अंगाला लागलं, तरी अंपायरच्या शिटीची वाट बघायची नाही. आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं. आम्ही सगळ्या ते शिकलो आणि मोठ्या सामन्यांत सगळ्या सोयीने विसरलो, एक वंदी सोडून. राज्याच्या निवडीसाठी जो सामना होता, त्यात शेवटच्या रेडला तिचा डावा हात वर गेला. अंपायरने पाहिलं नव्हतं, रेडरलाही आपण शिवल्याचा पत्ता नव्हता. आम्ही त्या एका पॉइंटने हरलो. निवड मात्र वंदीची झाली, कारण निवड करणाऱ्यांना तिचा खेळ दिसला होता, वर तो हातही दिसला होता. माझं नाव यादीत नव्हतं. रागाचं सोडा, राग दोन दिवसांत जातो. मला हेवा वाटला तो वेगळ्याच गोष्टीचा. तो हात वर करताना तिला काहीच जड गेलं नव्हतं. माशी हाकलावी तसा गेला होता. मी केला असता तर ओठ चावून, मोठा त्याग केल्यासारखा केला असता आणि मग जन्मभर सांगत फिरले असते.

पुढे खेळ सुटला. मी उतईच्या एका शाळेत पीटी शिकवायला लागले, अजून शिकवते. वंदीचं लग्न झालं, नवरा प्लांटमध्ये कंत्राटी, आणि तिने खुर्सीपारला पोहे-आलूगुंड्याचं, म्हणजे बटाटेवड्यांचं, दुकान टाकलं. रविवारी मी तिथे जाऊन बसायची. तिथेच एकदा जंगलात राहून दाखवायच्या त्या टीव्ही शोची जाहिरात आम्ही मोबाईलवर पाहिली आणि रायपूरला निवडीला जायचं ठरवलं. दोघी गेलो. मी नवीन ट्रॅकसूट घेतला होता, हिंदीत बोलायची तयारी केली होती. वंदी दुकान आटपून, तेलाच्या वासासकट आली. त्यांनी तिला घेतलं. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, ‘‘तुले घ्यायला पाह्यजे होतं वो, मले तं बोलताच येत नाही.’’ आणि हे ती मनापासून म्हणाली, हेच मला जास्त झोंबलं. लबाडीने म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं.

शो सुरू झाला आणि माझ्या पोटात खरं दुखायला लागलं. तिथे सगळे खेळ जोडीने खेळायचे होते. वंदीची जोडीदार होती रेवा नावाची मॉडेल, उंच, गोरी, मोजून हसणारी. रोज संध्याकाळी जेवणाचं ताट घेऊन मी टीव्हीपुढे बसायची आणि वंदी त्या बाईचा हात धरून चिखलातून, दोरावरून, ओढ्यातून जाताना बघायची. तिच्या उजव्या हाताला माझी जागा होती. तिथे दुसरी कुणी उभी आहे हे मला बघवत नव्हतं आणि टीव्हीही बंद करवत नव्हता. वंदीची जोडीदार मी, एवढं एकच माझं आयुष्यातलं नाव होतं. तेही एका हसणाऱ्या बाईने फुकटात नेलं. माझा नवरा म्हणायचा, ‘‘तुझी मैत्रीण जिंकून राहिली, अन् तू तोंड कावून पाडून बसली?’’ त्याला काय सांगणार!

इतर जोड्या तिथे काय काय करत होत्या! लपवलेलं धान्य, खोटी वचनं, दुसऱ्यांच्या कानात कुजबुज. वंदीला कुणी काही विचारलं की ती आहे तसं सांगून टाकायची, आणि लोक ती काहीतरी डाव खेळतेय असं समजून आणखी सावध व्हायचे. शेवटच्या टप्प्यात दोनच जोड्या राहिल्या. नदीत रोवलेल्या बांबूंवर, हात धरून, पाय पाण्याला न लावता उभं राहायचं होतं. ज्या जोडीचा पाय आधी पाण्याला लागेल ती बाहेर. पाणी गढूळ, काठावरचे लोक लांब. बराच वेळ गेला... आणि एकाएकी वंदीचा डावा हात वर गेला. सूत्रसंचालकाला काही कळेना. त्याला वाटलं ती मदत मागतेय. ‘‘क्या हुआ वंदना, डॉक्टर चाहिए?’’ ती म्हणाली, ‘‘नहीं सर, टच हुआ. पानी लगा पैर को.’’ कॅमेऱ्यात काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी तोच तुकडा तीनदा दाखवला, तरी दिसलं नाही. रेवा तिच्याकडे बघतच राहिली. मी ताट खाली ठेवलं. भिलाईत त्या क्षणी हे नक्की काय झालं ते कळणारी बहुधा मी एकटीच होते, आणि मला कुणी विचारायला आलं नाही.

ती परत आली तेव्हा दुकानापुढे ही गर्दी. अर्धे लोक तिला वेडी म्हणत होते, अर्धे तिच्यासोबत फोटो काढत होते, आणि दोन्हीकडचे आलूगुंडे खात होते. गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, ‘‘कावून केलं वो असं? कोणी पाह्यलं नव्हतं.’’ ती कढईतला झारा हलवत म्हणाली, ‘‘हात आपोआप वर गेला, सुनी. मंग ध्यानात आलं का हे कबड्डी नाही. पण गेलेला हात खाली कसा घेऊ, तूच सांग.’’ आणि हसली. लोकांनी पुढे त्या हाताबद्दल केवढी भाषणं केली. तिच्या लेखी ती चूक होती, खुर्सीपारच्या मैदानावर लागलेली खोड. मला त्या खोडीचासुद्धा हेवा वाटला. मीही त्याच मैदानावर, त्याच सरांकडे शिकले होते, मग माझ्या खांद्यात ती का नाही शिरली?

मागच्या आठवड्यात विहारात तिच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदन झालं. बाहेर मोठा बॅनर होता, त्यावर वंदी आणि रेवा, जंगलातल्या कपड्यांत. रेवा मुंबईहून आली होती, पांढरी साडी नेसून. त्रिशरण-पंचशील झालं, मग भाषणं. रेवाला पहिलं बोलावलं. ती दोन वाक्यं बोलली आणि रडली, लोकांनी मोबाईल वर धरले. मला कुणी बोलावलं नाही. मी मागे सतरंजीवर बसून होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. वंदीची आई पुढे बसली होती, तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि रेवाच्या कानात काहीतरी सांगितलं.

सगळं आटोपल्यावर रेवा थेट माझ्यापाशी आली आणि डाव्या बाजूला बसली. ‘‘आप सुनी हो ना?’’ मी मान हलवली. ‘‘मैं आपसे बहुत जलती थी,’’ ती म्हणाली. मला वाटलं, माझं वाक्य ही का बोलतेय? मग तिने सांगितलं. खेळ अवघड झाला, तोल जायला लागला की वंदी तिला हाक मारायची ती माझ्या नावाने. सुनी, धर. सुनी, जोर लाव. टीव्हीवाल्यांनी ते सगळं कापलं, बघणाऱ्यांचा घोटाळा होईल म्हणून. ‘‘मैंने कहा भी, मेरा नाम रेवा है. वो सॉरी बोलती थी, और फिर सुनी.’’ मला वाटलं होतं गार वाटेल, पण नाही वाटलं. तिथे नदीच्या मधोमध वंदीने मला हाक मारली आणि ती ऐकायला ही होती... मी घरी ताट घेऊन बसले होते.

बोलता बोलता रेवाने माझा हात धरला. हात म्हणजे मनगट. चार बोटं खालून, अंगठा वरून नाडीवर. माझ्या तळहाताला लहानपणापासून घाम येतो, मैदानात हात निसटायचा, म्हणून वंदीने माझ्यापुरती ही पकड काढली होती. बाकी कुणाला ती असं धरत नसे. रेवाचे तळहात कोरडे होते, तिला या पकडीची काही गरज नव्हती. तरी वंदीने तिला असंच धरलं, आणि तिला आता दुसरं येत नव्हतं. ‘‘ऐसे ही पकड़ते हैं ना?’’ तिने विचारलं. मी हो म्हणाले. मी अजून जळत होते, आणि मनगट सोडवून घ्यावंसं वाटत नव्हतं.