तळाचं पाणी

महाळुंगे पडवळला माहेरी पाण्याचं मशीन मीच बसवून घेतलं. वडिलांचं पोट सारखं बिघडायचं आणि विहिरीचं पाणी उकळून प्यायला ते तयार नव्हते. उकळलेल्या पाण्याला चवच नसते म्हणे! मशीनमध्ये एक दिवा असतो. त्याचे डोळ्यांना न दिसणारे किरण जंतूंच्या आत शिरतात आणि ज्याच्या जोरावर एका जंतूचे दोन होतात, तो आतला धागाच बिघडवून टाकतात. मग त्यांची वाढ थांबते. वडिलांना हे फार आवडलं. "म्हंजी निर्वंशच करतंय. लई भारी!"

तरी महिन्याभरात ते पुन्हा आडवे झाले. सलाईन लावून घरी आणलं तेव्हा त्यांची मनगटं बघवत नव्हती. पुन्हा असं झालं तर शरीर साथ देणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. मशीनवाल्याला फोनवर फैलावर घेतलं. तो बिचारा येऊन तपासून गेला. दिवा व्यवस्थित चालू होता.

दुसऱ्या दिवशी आई मशीनचं पाणी माठात ओतत होती. मी आत डोकावले. तळाशी तांब्याभर जुनं पाणी होतंच. पिण्याचा माठ कधी कोरडा करायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणजे मशीन आलं तरी विहिरीचं पाणी माठातून पुरतं गेलंच नव्हतं. किरणांचा मारा दिव्यासमोरून जाणाऱ्या पाण्यावर तेवढा होतो, पुढे पाण्यात काही उरत नाही. तळातले जंतू आमच्या शुद्ध पाण्यात मजेत वाढत होते.

"आई, हा पालथा कर, घासून उन्हात ठेव."

आईचा चेहरा उतरला. "मानूस गेल्यावर वततात घरातलं पानी. ह्ये आजारी असताना मी न्हाई वतायची."

मी आवाज चढवला, तिनेही चढवला. तेवढ्यात वडील खाटेवरून उठून भिंतीला धरत आले.

"सर बाजूला. मी वततो," ते आईला म्हणाले. "जित्या मानसानं सोताच्या हातानं वतल्यावर कसलं सुतक?"

त्यांनी माठ कलता केला. तो त्यांना पेलेना. आईने तोंड फिरवलं, पण तिला राहवलं नाही. हुंदके देतच तिने माठाला दोन्ही हात लावले. पाणी मोरीत वाहून गेलं.

"माठ ठेव खाली," वडील म्हणाले. "आधी मला धर."